धुक्यामुळे कर्जत लोकल रखडतात, तर बदलापूरहून घणसोलीला साडेआठला कसं पोहोचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतेच बदलापूरला राहायला आलात, नवी मुंबईत घणसोलीला साडेआठचं पंचिंग आहे, थंडी सुरू झाल्यापासून कर्जतहून येणारी रोजची लोकल धुक्यात रखडते आणि लेट मार्क लागायला लागलेत. बाइकने जाऊ का, की सरळ ठाण्यात घर बघू?

मी बदलापूर पूर्वेला राहते आणि घणसोलीच्या शेजारच्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या खात्यात, आहे. म्हणजे सकाळी त्याच गर्दीत मीही असते, आणि नंतर त्याच गर्दीतून आलेल्यांचे लेट मार्कही मीच लावते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

हे धुकं सगळीकडे नसतं, ही पहिली गोष्ट. ठाण्यात लोक पंखा लावून झोपलेले असतात तेव्हा आपल्याकडे स्वेटर निघालेले असतात. उल्हास नदी, भाताची ओलसर खाचरं आणि बाजूला डोंगर, यामुळे आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल त्या रात्री कर्जत, नेरळ, वांगणी ते बदलापूर या पट्ट्यात धुकं साचतं. कल्याणपर्यंत ते बऱ्याचदा विरळ होतं. रात्री जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन बघा. चांदण्या स्वच्छ आणि पान हलत नाही असं असेल, तर गजर तेव्हाच अर्धा तास आधीचा लावा. वारा असेल तर निवांत झोपा.

अर्धा तासच का? जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि रात्रभरातला सगळ्यात गार वेळ उजाडतानाचाच. त्यामुळे पहाटे साडेपाचला जेवढं धुकं असतं त्याहून बहुतेक वेळा पावणेसातला जास्त असतं. तुमची गाडी नेमकी त्या वेळची. हवामान खातं दोनशे मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की दाट धुकं म्हणतं. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. म्हणजे फलाटाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते कळत नसेल, तर मोटरमनलाही पुढचा सिग्नल आयत्या वेळीच दिसणार. तो गाडी आवरून चालवतो आणि त्याने तेच करावं. डब्यात त्याला शिव्या घालणाऱ्यांचा मला वैताग येतो.

आता कामाची गोष्ट. धुक्यामुळे जातात पाच-दहा मिनिटं, बाकीचा उशीर मागची गाडी पुढच्याला येऊन टेकते म्हणून होतो. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच रूळ आहेत, एक जायचा, एक यायचा. एक लोकल रांगत आली की मागच्या सगळ्या रांगतात, त्यातच एखादी मेल-एक्सप्रेस काढावी लागते. शिवाय तीच गाडी मुंबईला जाऊन परत कर्जतला येणार असते. म्हणून नऊ-साडेनऊला लख्ख ऊन पडलं तरी इंडिकेटर काही सुधारत नाही.

तर अशा दिवशी कर्जतहून येणाऱ्या गाडीची वाटच बघू नका. बदलापूरहून सुटणारी घ्या. ती धुक्याच्या पट्ट्यातून आलेली नसते, फलाटाला लागलेली दिसते आणि निदान सुटताना तरी वेळेच्या आसपास सुटते. आता तुम्ही म्हणाल, तिला गर्दी जास्त. आहेच. अंबरनाथची मंडळी डाउन करून, म्हणजे उलट्या दिशेने बदलापूरला येऊन, आधीच खिडक्या धरून बसलेली असतात, आणि त्या विषयावर आमच्या लेडीज डब्यात रोज नवं भांडण असतं. उभं राहायची तयारी ठेवा.

ती फास्ट नसेल तरी चालेल. फास्टसाठी दोन गाड्या सोडणारे लोक मी रोज बघते. कल्याण ते ठाणे स्लोला दहा-बारा मिनिटं जास्त लागतात आणि तेवढी तर फलाटावर उभं राहूनच जातात. कर्जतच्या गाडीत आधीच बसला असाल आणि ती कल्याणच्या बाहेर थांबून थांबून आत शिरली, तर तिथे उतरून कल्याणहून सुटणारी पकडता येते. पण समोर गाडी उभी दिसत असेल तरच. पुलावरून पळत जाऊन तीही चुकवण्यापेक्षा बसलेल्या जागी बरं.

टिटवाळा, आसनगावकडून, म्हणजे कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावरून, येणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. उत्तर प्रदेश, बिहारकडच्या गाड्या तिकडच्या धुक्यात कित्येक तास उशिरा होतात, मग भुसावळ, नाशिक करत कसारा घाट उतरून नेमक्या आपल्या गर्दीच्या वेळेला इथे पोहोचतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाल्यापासून कल्याणपासून ठाण्यापर्यंत त्यांना वेगळी वाट आहे. कल्याणच्या पलीकडे कसाऱ्याच्या बाजूला मात्र त्याच रुळांवर लोकलही आणि त्याही. म्हणजे आसनगावात कडक ऊन आणि लोकल उशिरा, असंही होतं.

ठाण्याला खरी परीक्षा. उशिरा आलेल्या दोन-तीन गाड्या पाठोपाठ रिकाम्या होतात आणि सगळा लोंढा नवी मुंबईच्या गाड्यांच्या नऊ-दहा नंबर फलाटांकडे वळतो. जिन्याच्या तोंडाशी माणूस चालत नाही, ढकलला जातो. मी उतरल्यावर आधी एक मिनिट बाजूला थांबते, पहिला लोंढा जाऊ देते. त्याने एखादी ट्रान्सहार्बर (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल) जाते, पण पुढची मिळते. वाशी, नेरुळ, पनवेल जी लागली असेल ती घ्या, घणसोली सगळ्यांच्या वाटेवर आहे. बोर्ड वाचत उभे राहू नका. ठाण्याच्या पुढे धुक्याचा त्रास जवळपास नसतोच.

गाडीची खबर कळायला एम-इंडिकेटरवरचं प्रवाशांचं चॅट बघा. त्यात निम्मी भांडणं असली तरी 'वांगणीला अजून उभी आहे' हे तिथे सगळ्यात आधी कळतं. मध्य रेल्वेच्या यात्री अॅपवर लोकल कुठे आहे ते नकाशावर दिसतं. दोन्ही घरातून निघायच्या आधी बघा. फलाटावर बघून काय उपयोग?

बाइक नको. धुकं असताना अजिबातच नको. बदलापूरहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या काटई रस्त्यावर पुढे ट्रक आहे हे त्याचा मागचा दिवा दिसला तर कळणार, आणि तो दिवा असेलच असं नाही. हाय बीम लावला तर समोर नुसती पांढरी भिंत. पुढे शिळफाट्याला लोकलला वैतागून गाड्या काढलेले सगळे भेटतातच. तिथून महापे मार्गे घणसोली नकाशावर जवळ दिसतं, पण सकाळच्या वेळी तिथे किती वेळ जाईल हे कुणी सांगू शकत नाही. अगदीच लोकल बंद पडली तर डोंबिवली, कल्याणहून वाशीकडे जाणाऱ्या एनएमएमटीच्या (नवी मुंबई महापालिकेच्या) बस आहेत, पण त्याही शिळफाट्यातूनच जातात.

आता टाइम ऑफिसातून. नऊला दारात येऊन 'मॅडम, धुकं होतं' म्हणणाऱ्याचं मी काही करू शकत नाही. सात वाजता इंडिकेटरचा फोटो आणि 'अमुक गाडी, इतकी उशिरा' एवढी एक ओळ सुपरवायझरला पाठवणाऱ्याचं बरंच काही करता येतं, कारण तोवर त्याच्या जागी कुणाला उभं करायचं ते ठरवता येतं. डिसेंबर संपायच्या आत साहेबांशी बोलून ठेवा: दाट धुक्याच्या दिवशी अर्धा तास उशिरा येईन, अर्धा तास जास्त थांबेन. आधी मागितलं की देतात, लेट मार्क लागल्यावर मागितलं की सबब वाटते. तीन लेट मार्कला अर्धी रजा हा कंपनीचा नियम असतो, तो रजेपुरता. पगारातून पैसे कापताना मात्र जितका वेळ गैरहजर तितक्याचेच कापायचे, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. वीस मिनिटांसाठी अर्ध्या दिवसाचे पैसे गेले असतील तर पगाराची स्लिप घेऊन शांतपणे विचारा.

आणि ठाण्यात घर? धुक्यासाठी नको. फेब्रुवारीत हे संपतं, आणि तेवढ्यासाठी ठाण्याचं भाडं भरणं मला पटत नाही. पावसाचं वेगळं आहे. जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली ती याच बदलापूर-वांगणी पट्ट्यात. तेव्हा लोकल उशिरा नसते, बंदच असते. घराचं काय ते जुलै-ऑगस्ट काढल्यावर ठरवा, आणि तोवर अकरा महिन्यांच्या कराराच्या पुढचा शब्द घरमालकाला देऊ नका.