वाचक विचारतात : हलके कॅराबिनर घ्यावेत का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरावाच्या भिंतीवर लीड करायला, म्हणजे स्वतः दोर अडकवत पुढे चढायला शिकलोय. डिसेंबरात मित्रांबरोबर बदामीला जायचंय आणि त्यानंतर आमच्या ग्रुपबरोबर सह्याद्रीतले सुळके करायचेत. आतापर्यंत ग्रुपचंच सामान वापरलं, आता स्वतःचे क्विकड्रॉ (पट्टीच्या दोन टोकांना एकेक कॅराबिनर, म्हणजे गेटने उघडणारी धातूची कडी) घ्यायचे आहेत. दुकानात बावीस-तेवीस ग्रॅमचे कॅराबिनर पाहिले, हातात घेतले तर वजनच लागत नाही. ग्रुपमधले जुने लोक म्हणतात, हे खेळण्यातले वाटतात, जड तेच मजबूत. कोणाचं ऐकू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी मजबुतीचं बघू, कारण खरी भीती तिचीच आहे. प्रत्येक कॅराबिनरच्या कण्यावर (गेटसमोरच्या दांड्यावर) आकडे कोरलेले असतात, ते दुकानातच वाच. तीन आकडे, किलोन्यूटनमध्ये. पहिला उभ्या ताणाचा, गेट (दोर घालायला उघडणारी बाजू) बंद असताना. दुसरा आडव्या ताणाचा. तिसरा उभ्या ताणाचाच, पण गेट उघडं राहिलं तर. युरोपच्या ईएन १२२७५ या मानकाप्रमाणे क्विकड्रॉच्या साध्या कॅराबिनरला हे आकडे किमान २०, ७ आणि ७ असावेच लागतात. २० किलोन्यूटन म्हणजे जवळजवळ दोन टन. एडलरिडचा जेमतेम १९ ग्रॅमचा नाइन्टीन जी असो, कॅम्पचा २२ ग्रॅमचा नॅनो असो किंवा ४० ग्रॅमच्या आसपासचा एखादा दणकट नग असो, ही अट सगळ्यांना सारखीच. ताण जिथे कमी येतो तिथला धातू काढून टाकायचा आणि कण्याला दोन्ही बाजूंनी खोबणी द्यायची, अशी ही घडण असते. तेव्हा ‘जड तेच मजबूत’ हे काही खरं नाही. वजनावरून ताकद ठरवू नये, कोरलेल्या आकड्यांवरून ठरवावी.

मी स्वतः मात्र तिसऱ्या आकड्यापाशी अडून बसते. लीड करणारा पडतो तेव्हा सगळ्यात वरच्या कॅराबिनरवर दोन्हीकडून ओढ येते. एका बाजूने पडणाऱ्याची, दुसऱ्या बाजूने बिले देणाऱ्याची, म्हणजे खाली दोर सांभाळणाऱ्याची. घर्षणात थोडी जिरते, तरी पडणाऱ्याला ३ किलोन्यूटनचा झटका बसला तर वरच्या कॅराबिनरला ५ च्या आसपास बसतो. ही झाली मध्यम पडझड. गेट बंद असेल तर काळजी नाही. पण नेमक्या त्या क्षणी गेट उघडं असू शकतं: कातळाचा एखादा उंचवटा गेटवर दाबला जातो, दोर वेगाने सरकताना गेट थरथरतं, किंवा कॅराबिनरचा कणा दगडावर आपटतो आणि गेट आपल्याच वजनाने क्षणभर मागे जातं. मग ७ किलोन्यूटन आणि ५ किलोन्यूटन यांच्यात फार जागा उरत नाही. दोन नगांच्या वजनात तीन-चार ग्रॅमचाच फरक असेल आणि एकाचा तिसरा आकडा ७ व दुसऱ्याचा ९ किंवा १० असेल, तर डोळे मिटून दुसरा घे. तारेचं गेट इथेच कामाला येतं. ते हलकं असल्यामुळे झटक्याने मागे जाण्याची शक्यता भरीव गेटपेक्षा कमी. तेव्हा तारेचं गेट नाजूक दिसतं म्हणून कोणी नाक मुरडलं तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता हाताचं बघू. अगदी हलके कॅराबिनर आकारानेही लहान असतात. त्यांतल्या काहींचं गेट २० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उघडतं, पूर्ण आकाराच्या कॅराबिनरचं २४ ते २७. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण एका हाताने पकड धरलेली, पोटऱ्या थरथरतायत, हात घामाने ओला, अशा वेळी बोट गेटमध्येच अडकलं की दोर आत जात नाही. मग तू दुसऱ्यांदा दोर ओढणार, म्हणजे हातात आणखी स्लॅक (ढिला दोर) घेऊन लोंबकळणार, आणि पडलास तर तेवढा जास्त पडणार. दुकानात हे तपासता येतं. नऊ-दहा मिलिमीटर जाडीच्या दोराचा तुकडा माग, क्विकड्रॉ डोक्याच्या उंचीवर कशाला तरी अडकव आणि डाव्या हाताने, उजव्या हाताने, गेट दोन्ही बाजूंना ठेवून दोर घालून बघ. मोठ्या पंजाच्या मुलांना बहुतेक वेळा हे लहान नग जमत नाहीत. तुझ्या हाताला जमले तर उत्तमच.

याच वेळी नाक बघ. नाक म्हणजे गेट जिथे येऊन टेकतं ते टोक. तारेच्या साध्या गेटच्या कॅराबिनरला तिथे आकड्यासारखी खाच असते. बोल्टच्या हँगरमधून (बोल्टने कातळावर बसवलेल्या भोकाच्या पत्र्यातून) काढताना ती हँगरच्या कडेला अडकते, स्लिंगच्या, म्हणजे पट्टीच्या शिलाईत अडकते. ओव्हरहँगवर लोंबकळत एकेक ड्रॉ सोडवत येताना ही खाच जीव नकोसा करते. आणि कॅराबिनर हँगरवर नाकाच्या टोकावरच लटकून राहिला तर प्रसंग गंभीर. त्या अवस्थेत कण्यावरच्या कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही, फार कमी ताणात तो मोडू शकतो. म्हणून बोल्टकडच्या बाजूला गुळगुळीत नाकाचा कॅराबिनर असावा असा माझा आग्रह आहे. वाइल्ड कंट्रीच्या हीलियममध्ये तारेचं गेट आणि गुळगुळीत नाक दोन्ही मिळतं, वजन सुमारे ३३ ग्रॅम. पेट्झलचा आंज एस २८ ग्रॅमच्या आसपास आहे. हे स्वस्त नाहीत, पण वजनासाठी जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते इथे मोजावेत.

आता तुझ्या दोन ठिकाणांकडे येते, कारण निर्णय खरा तिथेच होतो.

बदामीचा दगड वालुकाश्म. बहुतेक रूट बोल्ट केलेले (कातळात कायमचे बोल्ट बसवलेले), आणि गावापासून कड्यापर्यंतची चाल थोडीच. तिथे पाठीवरच्या तीन-चारशे ग्रॅमनी काही फरक पडत नाही. शिवाय दोरात रेती भरते. तो रेतीभरला दोर दिवसभर त्याच त्या कॅराबिनरवरून ताणाखाली सरकतो आणि ॲल्युमिनियम कानशीने घासल्यासारखं झिजतं. पातळ अंगाच्या नगावर खाच लवकर पडते. त्याची दोराखालची कडही अरुंद असते, त्यामुळे दोरालाही जास्त सोसावं लागतं. म्हणून बदामीसाठी, आणि भिंतीवरच्या सरावासाठीही, भरीव गेटचे, पूर्ण आकाराचे, रुंद नायलॉन पट्टीचे बारा ड्रॉ घे. एखादा रूट पुन्हा पुन्हा करून बघताना ती पट्टी मुठीत धरता येते, डायनीमा या मजबूत धाग्याची बारीक पट्टी धरवत नाही.

सुळक्यांचं गणित निराळं. लिंगाण्याला जायचं तर मोहरीतून बोराट्याच्या नाळेने उतरायचं, दोर, पाणी, हेल्मेट सगळं पाठीवर. तिथे हलकेपणा जाणवतो. २४ कॅराबिनर प्रत्येकी १६ ग्रॅमनी हलके झाले तर ३८४ ग्रॅम वाचतात. बरे वाचतात, पण त्याच पाठीवर साठ मीटरचा साडेतीन-चार किलोचा दोर असतो हेही लक्षात ठेव. म्हणून सुळक्यांसाठी २५ ते ३३ ग्रॅमच्या दरम्यानचे पूर्ण किंवा मध्यम आकाराचे कॅराबिनर घ्यावेत आणि ते साठ सेंटिमीटरच्या स्लिंगवर लावावेत, असं माझं मत आहे. असे सहा ते आठ पुरतात. आपल्याकडचे रूट सरळ जात नाहीत. बेसॉल्टच्या थरांमधून डावीकडे, मग उजवीकडे, मध्येच एक ट्रॅव्हर्स (आडवी चाल). आखूड ड्रॉ लावले की दोर घासून जड होतो आणि कॅराबिनर थराच्या कडेवर आडवा येतो. कडेवर वाकवून ओढलेल्या कॅराबिनरची ताकद कुठेच कोरलेली नसते. लांब स्लिंगने तो कडेच्या खाली मोकळा लोंबतो.

आणखी एक, सह्याद्रीपुरतं. जुन्या मेखांची डोळी आणि कड्या जाड असतात. अगदी लहान कॅराबिनर त्यांत जात नाही, किंवा गेला तर तिरका बसून गेट अर्धवट उघडं राहतं. दोर घालण्याआधी गेट पूर्ण मिटलंय का ते प्रत्येक मेखेवर बघायचंच. (ती मेख धरेल का, हा प्रश्न कॅराबिनरच्याही आधीचा, पण तो वेगळा.)

बिले, अँकर आणि रॅपलिंगच्या जागी मात्र ग्रॅम मोजू नकोस. तिथे स्क्रूचा, पेअरच्या आकाराचा, जाड अंगाचा कॅराबिनर हवा. बिलेच्या उपकरणात दोर नीट सरकतो, दोन गाठी शेजारी मावतात आणि वेळ आलीच तर त्याच्यावर मुंटर हिचने (कॅराबिनरवरच्या दोराच्या वेढ्याने) बिले देता येतो.

प्रश्न : साठ सेंटिमीटरच्या स्लिंगवर कॅराबिनर जागच्या जागी राहावा म्हणून रबर लावावं का? ड्रॉबरोबर येतं तसं. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुळीच नको. आखूड, मधोमध शिवलेल्या ड्रॉला दोराच्या बाजूला रबर चालतं, तेही बारकाईने बघून. उघड्या, वर्तुळासारख्या स्लिंगला कधीही नको. तिथे काय होतं ते सांगते. स्लिंग लांब-आखूड करताना तिचा एक पदर कॅराबिनरमधून निसटतो, पण रबर कॅराबिनर आणि स्लिंगला धरून ठेवतं. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. प्रत्यक्षात पूर्ण वजन त्या रबरावर असतं आणि ते हाताच्या हिसक्यानेही तुटतं. २०१३ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या ऑर्पिएरला बारा वर्षांचा एक इटालियन मुलगा असाच गेला. फार गुणी प्रस्तरारोहक होता. ड्रॉ चुकीचे जुळवलेले होते, स्लिंग फक्त रबरातून ओवलेली होती. चूक कॅराबिनरमध्ये नव्हती, जुळणीत होती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्याच दिवशी रबर सरकवून आतली स्लिंग डोळ्यांनी बघायला लावते. तुमचा ड्रॉ कोणीही जुळवून दिलेला असो, वर जाण्याआधी एकदा बघा.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, सुट्टीत रॉक क्लाइंबिंगच्या शिबिराला जायचं म्हणते. ऑनलाइन शंभर-दीडशे रुपयांत रंगीत कॅराबिनर मिळतात. तिला दोन-चार घेऊन देऊ का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नका घेऊ. ते किल्ल्या आणि बाटल्या अडकवायला असतात, बऱ्याचदा त्यांच्यावर तसं लिहिलेलंही असतं. तिने हौसेने हार्नेसला (चढाईच्या कमरपट्ट्याला) लावले आणि गडबडीत कोणी दोर त्यातूनच घातला, तर? चढाईच्या कॅराबिनरवर किलोन्यूटनचे आकडे असतात, सीई ही युरोपची खूण आणि पुढे चार अंकी क्रमांक असतो, अनेकांवर यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची खूणही असते. पण खुणांचीही नक्कल होते, म्हणून खरेदी फक्त अधिकृत विक्रेत्याकडून.

शिबिरात सामान आयोजक देतात. तुम्ही पैसे वाचवा आणि त्यांना प्रश्न विचारा. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याखाली तुमची नोंदणी आहे का? मुलांच्या दोराला स्क्रूचे कॅराबिनर लावता की साधे? सामान शेवटचं कधी तपासलं, त्याची वही आहे का? हे विचारल्यावर कोणी चिडलं, तर मुलीला तिथे पाठवू नका. मुलीला मनापासून आवडलं तर पुढच्या वर्षी तिच्या मापाचे बूट घ्या. स्वतःचा पहिला खर्च तिथेच करावा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कॅराबिनरवर पांढरट भुकटी दिसते, गेटही सावकाश मिटतं. फेकून द्यायचे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याकडे खारी हवा आहे, त्यामुळे ॲल्युमिनियम असं फुलतंच. कोमट पाण्यात साधा साबण घालून जुन्या टूथब्रशने बिजागरी घासा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. मग बिजागरीला कोरडं वंगण लावा. तेल नको, त्याला रेती चिकटते. वंगण स्लिंगवर जाऊ देऊ नका. धुतल्यावर गेट आपोआप, पूर्ण मिटलं पाहिजे. बोटाने ढकलावं लागलं तर तो नग बाद. पृष्ठभागावर खड्डे पडले असतील तरी बाद.

मग दोर जिथे बसतो तिथे नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नीट मोजा, एक मिलिमीटर झिजली असेल तर बाद. खाचेची कड धारदार लागली तर मोजायचीही गरज नाही. बोल्टकडच्या बाजूला हँगरचे ओरखडे असतात, तो कॅराबिनर कधीही दोराच्या बाजूला आणू नका, त्या ओरखड्यांनी दोराचं आवरण फाटतं. आमच्या संस्थेत बोल्टकडच्या नगांना लाल टेप असते, ती मी दर मोसमाला नवी करते. बाद झालेला कॅराबिनर कोणाला देऊन टाकू नका, पिशव्या टांगायलाही ठेवू नका. गेट कापून भंगारात द्या, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या हार्नेसवर जाणार नाही.