ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले

प्रश्न : चवथीच्या तयारीत असताना माझ्या सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार.’ सोबतची फाइल त्यांनी उघडली. ओटीपी कोणालाही सांगितला नाही, तरी रात्रीत खात्यातले ४८ हजार गेले. दुसऱ्या दिवशी बँकेने ‘चूक तुमची’ म्हणून परत पाठवलं. घरात सगळे त्यांनाच बोलतात. पैसे विसरायचे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, विसरायचे नाहीत. आणि घरच्यांना आधी गप्प करा. बोलणी खायच्या भीतीने माणसं दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत आणि तोवर पैसे चार खाती फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. बँकेच्या काउंटरमागे बसून मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

त्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ (.apk) होतं का ते बघा. असेल, तर ते बिल नव्हतं, ॲप होतं. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण ‘अलाऊ’ दाबतो. मग ओटीपी सासऱ्यांच्या फोनवर येतो आणि तिथून परस्पर चोराकडे जातो. म्हणजे सासरे खरंच बोलताहेत. तक्रारीत हे असंच लिहा.

आता बँकेचं. तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, त्यावर तारखेबरोबर वेळही घालून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराने परवानगी न दिलेल्या व्यवहारात दोष त्याचाच आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. दोष बँकेचाही नाही, खातेदाराचाही नाही आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर खातेदाराला भुर्दंड नाही. निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फसवून घातलेलं ॲप म्हणजे निष्काळजीपणा का, यावर बँक वाद घालेल. तुम्हीही घाला. निकाल तुमच्याच बाजूने लागेल अशी हमी मी देत नाही, पण न भांडता सोडण्याइतकी ही बाजू लंगडी नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फीही नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला नसेल तर हे वाचून होताच करा. पुढच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर तिथेच अडवता येतात. तक्रार क्रमांक जपून ठेवा. रायबंदरला सायबर गुन्हे पोलिस ठाणे आहे, तिथे बँकेचं स्टेटमेंट आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन जा.

सासऱ्यांचा तो फोन रीसेट होईपर्यंत इंटरनेटला जोडू नका. स्क्रीनशॉटऐवजी दुसऱ्या फोनने मेसेजचे फोटो काढून ठेवले तरी चालतील. नंतर फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या, कारण असं ॲप कधी कधी आपलं चिन्हच लपवतं. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. राहिलं बिल, तर त्याची शंका वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारावी. बिलासाठी व्हॉट्सॲपवरून ॲप घालायची गरज नसते.

प्रश्न : वास्कोतली आमची खोली भाड्याने द्यायची आहे. ‘दाबोळीत बदली झाली’ म्हणणारा एक फौजी खोली न बघताच ॲडव्हान्स देतो आणि त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. करू का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : नको. कोड स्कॅन केला की पुढे पिन मागितला जातो, आणि यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. त्याने ओळखपत्र पाठवलं असेल, तर तेही दुसऱ्या कोणाचं असू शकतं. त्याला म्हणा, खोली बघायला या, पोलिसांत द्यायचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्मही इथेच भरू. खरा असेल तर येईल.