वाचकांचे प्रश्न : युद्धग्रस्त अफगाणिस्तानातील बाळंतपण, बालआरोग्य आणि कुटुंबनियोजन

प्रश्न : स. न. वि. वि. मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. अफगाणिस्तानात मुलींचे सुईणीचे शिक्षणही बंद झाल्याचे वाचले. जिथे वर्षानुवर्षे युद्ध चालू आहे, तिथे माता-बाल आरोग्यसेवांवर खर्च करण्यापेक्षा आधी शांतता आणि मग दवाखाने, हा क्रम योग्य नव्हे काय? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु अफगाणिस्तानचा २००२ नंतरचा अनुभव नेमका तिच्या विरुद्ध साक्ष देतो. त्या वर्षी चार जिल्ह्यांत घरोघर फिरून केलेल्या पाहणीवरून देशातील मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १६०० असल्याचा अंदाज काढण्यात आला. काबूल शहरात ते ४०० च्या आसपास होते, तर बदख्शान प्रांतातील डोंगराळ राघ जिल्ह्यात ६५०० च्या घरात गेले होते. अतिरक्तस्राव आणि अडलेले बाळंतपण ही तिथली ठळक कारणे असून ती दोन्ही वेळेवर मदत मिळाल्यास टळण्याजोगी आहेत. म्हणजे गोळीबारापेक्षा दवाखान्याचे अंतर आणि प्रशिक्षित स्त्रीची उणीव यांनीच अधिक बायकांचा जीव घेतला, असे म्हणावे लागते.

२००३ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने मूलभूत आरोग्यसेवांचा एक संच निश्चित केला, त्यात गरोदरपण, बाळंतपण, लसीकरण व बालकांच्या आजारांना अग्रक्रम दिला आणि परदेशी निधीतून तो पुरवण्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांना प्रांतवार कंत्राटाने दिले. मात्र पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास बहुसंख्य कुटुंबांची तयारी नव्हती, आणि देशभरात प्रशिक्षित सुईणी पाचशेसुद्धा नव्हत्या. यावर काढलेला तोडगा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्यातीलच मुलगी गावाच्या संमतीने निवडायची, तिच्या घरच्यांचा होकार आधी घ्यायचा, वसतिगृहात ठेवून सुरुवातीला दीड व पुढे दोन वर्षे शिकवायचे, लेकुरवाळ्या विद्यार्थिनींच्या मुलांना सांभाळण्याची सोय करायची आणि शिक्षण संपल्यावर तिला तिच्याच भागात नेमायचे, अशी ती पद्धत होती. बाहेरून नेमलेली परिचारिका दुर्गम केंद्रावर रुजू होताच बदलीच्या खटपटीला लागते, हे आपण नोकरीत पाहिले असेलच. इथे तो प्रश्न बराचसा मुळातच मिटला. दशकभरात सुईणींची संख्या तीन हजारांवर गेली, आणि या सगळ्या काळात युद्ध थांबलेले नव्हते.

ज्यांना सुईणीपर्यंत पोहोचताच येत नव्हते, त्यांच्यासाठी आणखी एक उपाय करून पाहण्यात आला. गावातील आरोग्य स्वयंसेविकांनी गरोदर स्त्रियांना आठव्या महिन्यात मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देऊन ठेवल्या आणि त्या बाळ जन्मल्यावरच, रक्तस्राव रोखण्यासाठी, घ्यायच्या हे समजावले. अशिक्षित बायका भलत्या वेळी गोळ्या घेतील, ही भीती निराधार ठरली. ज्या चौदाशेहून अधिक स्त्रियांनी गोळ्या घेतल्या, त्या सर्वांनी त्या बाळ जन्मल्यानंतरच घेतल्या. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले, तेव्हाही शंका घेतल्या गेल्या होत्या, आणि तिथे नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

असे असले तरी आपण बातमीवरून मांडलेली चिंता अगदी खरी आहे. मे २०२० मध्ये काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' चालवत असलेल्या प्रसूतिकक्षावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला; त्यात १६ मातांसह २४ जण मारले गेले आणि पुढच्याच महिन्यात संस्थेला तिथले काम सोडावे लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर कंत्राटांचा निधी अडला. तो संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत अंशतः पुन्हा सुरू झाला. डिसेंबर २०२४ मधील शिक्षणबंदीने होणारी हानी मात्र वेगळी आहे, कारण निधी थांबला तर पुन्हा आणता येतो, पण नव्या सुईणी तयार होणेच थांबले तर आज काम करणाऱ्या निवृत्त होतील किंवा देश सोडतील, तेव्हा त्यांच्या जागी कोणी नसेल.

प्रश्न : अशा धर्मनिष्ठ समाजात कुटुंबनियोजनाला विरोध होणारच. मग ते कसे रुजवले? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : विरोध गृहीत धरून विषयच टाळणे, ही अनेक ठिकाणच्या आरोग्य खात्यांची सोयीची सबब आहे. ग्रामीण अफगाणिस्तानात तीन निरनिराळ्या भागांत झालेल्या एका प्रकल्पात आधी मुल्ला, गावातील वडीलधारे आणि नवरे यांच्याशी बोलणी करण्यात आली. मुले कमी करा, असे कोणी सांगितले नाही. पाळणा लांबवण्याविषयी सांगितले, आणि बाळाला दोन वर्षे अंगावर पाजण्याविषयी कुराणात जे आले आहे त्याचा आधार घेतला. गर्भनिरोधक वापरण्यापेक्षा त्या देशात गरोदर राहणे सुमारे ३०० पटींनी अधिक धोक्याचे आहे, हे साध्या भाषेत मांडले. इंजेक्शन देण्याची मुभा गावातील प्रशिक्षित आरोग्य स्वयंसेवकांना दिली गेली, त्यामुळे त्यासाठी दवाखाना गाठण्याची गरज उरली नाही. आठ महिन्यांत साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २४ ते २७ टक्के-बिंदूंनी वाढले. स्त्रियांची मागणी आधीपासून होती, असाच याचा अर्थ मी लावतो. तांबी किंवा शस्त्रक्रिया यांचा आग्रह न धरता साधन निवडण्याचे स्वातंत्र्य देणे हे इथे निर्णायक असते, कारण आपल्याकडे आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीने या विषयावरचा लोकांचा विश्वास किती काळ उडाला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

प्रश्न : अफगाणिस्तानातील मातामृत्यूंचे निरनिराळे आकडे वाचायला मिळतात. खरा कोणता? — एक वाचक, ठाणे

उत्तर : २०१० च्या पाहणीत हे प्रमाण ३२७ आले, तर २०१५ च्या पाहणीत १२९१. पाच वर्षांत चौपट वाढ झाली असे कोणीही मानत नाही. पहिल्या पाहणीत दक्षिणेतील असुरक्षित ग्रामीण भाग वगळला गेला होता आणि दुसऱ्या आकड्यावरही तज्ज्ञांचे आक्षेप आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी गणिती प्रारूपाच्या आधारे २०२० साठी सुमारे ६२० हा अंदाज दिला. लेखात आकडा वापरताना या संस्थांचा सर्वांत ताजा अंदाज घ्यावा, मात्र तो अंदाज असल्याचे अवश्य लिहावे.