दिवेआगरला जा, पण आधी हे ठरवा

रावेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मे 2019 मध्ये त्या नवरा, सासूबाई आणि पहिलीतल्या लेकीला घेऊन भुसावळहून रेल्वेने पुरीला गेल्या होत्या. फनी वादळ येतंय म्हणून 2 तारखेला पर्यटकांना पुरी सोडायला सांगितलं, जादा गाड्याही सोडल्या. ताई म्हणाल्या निघू. नवरा म्हणाला, "पैसे भरलेत, दर्शन व्हायचंय, वारा काय आपण पाहिला नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लॉजच्या बाथरूममध्ये दार लावून बसले होते. आता हाच किस्सा तो लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगतो, आणि मेअखेरीला कोकणात समुद्रकाठच्या दिवेआगरला जायचं म्हणतो. ताई नको म्हणतात, म्हणून घरात त्यांना 'भित्री' हे नाव पडलंय. विचारतात, "माझं चुकतंय का?"

ताई, नाही चुकत.

तुम्ही लिहिलंय की मध्येच वारा एकदम थांबला, हे मोबाइल घेऊन खाली रस्त्यावर गेले आणि तुम्ही जिन्यातून जिवाच्या आकांताने ओरडलात, "वर या!" त्याच ओरडण्यावर पंगत हसते ना? मग पंगतीला हेही सांगा. चक्रीवादळाच्या मधोमध डोळा असतो, तिथे वारा पडतो, कधी ऊनही दिसतं. डोळा पुढे सरकला की वारा उलट्या दिशेने, तेवढ्याच जोराने येतो. फनी 3 मेच्या सकाळी पुरीजवळच किनाऱ्यावर चढलं, तेव्हा वारा ताशी 175 ते 180 किलोमीटर होता. अशा वेळी उडणारा एक पत्रा पुरतो. त्या दिवशी घरात शहाणपणाचं कोणी बोललं असेल, तर ते तुम्ही.

तुमच्या यजमानांना वारा कळत नाही असं मात्र समजू नका. घरची केळी आहे म्हणता. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे घड लागलेल्या बागा कशा आडव्या होतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. वाऱ्यासाठी केळीचा विमा काढणारा माणूस आहे तो! माझा अंदाज सांगते. आई आणि लेक आपल्या हट्टापायी अडकल्या हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते बोलायची लाज वाटते म्हणून विनोद चाललाय. बाप्या माणसांची ही खोड जुनी आहे. पण त्याचा भार तुम्ही का वाहायचा?

तेव्हा दिवेआगरवरून भांडू नका. जेवताना, सासूबाईंसमोर तर नकोच. मळ्यात दोघंच असाल तेव्हा सरळ म्हणा, "त्या दिवशी मी निघू म्हणत होते, तुम्ही ऐकलं नाही. ते मला अजून गिळवत नाही. तो किस्सा पुन्हा सांगू नका." एवढं बोलून गप्प बसा. लगेच समजूत काढायला जाऊ नका, ती आपली बायकांची खोड.

आणि सासूबाईंना विरोधी पक्षात धरू नका. बाथरूममध्ये नातीला दशमीचा घास भरवत बसलेली बाई घाबरली नव्हती असं कोण म्हणेल? त्यांना कधी कोणी विचारलंय का?

आता दिवेआगर. गाव सुंदर आहे, पण मेअखेर कशाला? निसर्ग वादळ 3 जून 2020 ला त्याच पट्ट्यात धडकलं होतं. अरबी समुद्रात वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर येतात. आपल्याकडे मेमध्ये अंगाची लाही होते म्हणून सगळ्यांना तेव्हाच समुद्र आठवतो, कळतं मला. तरी जानेवारी बघा, लेकीची चार दिवस शाळा बुडली तर बुडू द्या. मेच हवा असेल तर पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या, निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा, आणि घरूनच ठरवून निघा की चौघांपैकी एकाने जरी 'परत फिरू' म्हटलं तरी फिरायचं. तिथे मतदान नाही.

लेकीचं मात्र लांबणीवर टाकू नका. ती आता आठवीत आहे आणि अजूनही गोठ्यावरचे पत्रे वाजायला लागले की दप्तर घेऊन न्हाणीघरात जाऊन बसते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलंत. मला सगळ्या पत्रात तेच मोठं वाटलं. तिला हसू नका, ओढून बाहेरही काढू नका. जवळ बसा, त्या दिवशीचं तिला काय आठवतं ते तिच्या तोंडून ऐका. झोप उडत असेल, अभ्यासातून लक्ष जात असेल, तर 14416 वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. गरज पडली तर जळगावला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मात्र तिला तिथे घेऊन जायचं काम तिच्या बाबांना सांगा.