आधी कुत्र्यांचं वेळापत्रक, मग नकाशा

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा मोटारहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासाचा तक्ता दोनदा वाचला. चाळीस दिवस, रोजचे किलोमीटर, कुठे डिझेल, कुठे मुक्काम, सगळं नीट आखलं आहेस. फक्त दोन्ही कुत्री गाडीतून खाली कधी उतरणार, ते त्यात कुठेच नाही. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते आहे.

तू हा प्रवास स्वतःहून निवडलास. त्यांना कोणी विचारलं नाही, विचारताही येत नाही. कुत्र्याचं जग वासांनी आखलेलं असतं. कोणत्या कोपऱ्यात झोपायचं, कोणत्या दारातून माणसं येतात, कुठल्या झाडापाशी थांबायचं, हे सगळं तू एका सकाळी काढून घेणार आहेस आणि रोज नवीन जागा पुढ्यात ठेवणार आहेस. त्याची भरपाई करायची तर प्रवासाचा वेग तुझा नाही, त्यांचा धरावा लागेल. मोटारहोममध्ये मी काळू आणि राणी या माझ्या दोन कुत्र्यांसह नऊ वर्षं काढली. मला जे काही जमलं ते हे मान्य केल्यानंतरच जमलं.

१९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन आणि सिवॉल क्रॉकर यांनी मोटारीतून अमेरिका पहिल्यांदा आरपार पार केली. सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, ६३ दिवस. वाटेत आयडाहोमध्ये त्यांनी बड नावाचा कुत्रा सोबत घेतला. गाडी उघडी, रस्ते मातीचे. धुळीने बडचे डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा त्यांनी त्यालाही स्वतःसारखा गॉगल चढवला. त्याचा फोटो लोक गंमत म्हणून बघतात. मला त्यात वेगळं दिसतं. रस्ता नाही, गाडी रोज मोडते आहे, आणि तरीही कोणाचं तरी लक्ष कुत्र्याच्या डोळ्यांकडे गेलं. तुझ्याकडून मला तेच हवं आहे.

तर आधी तो तक्ता निम्मा कर. दिवसाला तीन, फार तर चार तास गाडी चालव. दर दोन तासांनी थांब, आणि थांबलीस की किमान पंधरा मिनिटं त्यांना मनसोक्त वास घेऊ दे. लांब चालण्यापेक्षा हुंगण्याने कुत्रं जास्त निवतं. एका ठिकाणी कमीत कमी दोन रात्री राहा. पहिल्या रात्री ती प्रत्येक आवाजाला कान टवकारतात, दुसऱ्या रात्री खरी झोपतात. रोज मुक्काम हलवलास तर त्यांच्या वाट्याला फक्त पहिल्याच रात्री येतील.

आता उष्णतेबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण या प्रवासात कुत्र्याचा जीव जाण्याचं भय सर्वांत जास्त इथेच आहे.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१च्या वर गेलं की आतले अवयव बिघडू लागतात. आपल्याला अंगभर घाम येतो, त्याला फक्त तळव्यांना येतो. शरीर थंड करायला त्याच्याकडे मुख्यतः धापा टाकणं आहे, आणि दमट हवेत तेही धड काम करत नाही. चपट्या नाकाच्या पग किंवा बुलडॉगची तर त्यातही अडचण. बाहेर २४ अंश, म्हणजे आपल्याला सुखद वाटणारी हवा असली, तरी बंद कारमध्ये दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३च्या आसपास तापमान जातं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हे मोजून झालेलं आहे. मोटारहोम मोठं असतं, कदाचित थोडं सावकाश तापेल. तापेल मात्र नक्की.

तू लिहितेस, ‘छतावर एसी आहे, मग काळजी नाही.’ हिशेब करून बघू. छतावरचा नेहमीचा एसी चालताना दीड हजार वॅटच्या आसपास वीज ओढतो. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून १२०० वॅट-अवर ऊर्जा असते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी तळापर्यंत उपसलीस तरी तासभरही पुरणार नाही. खरा एसी चालतो तो मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या विजेच्या जोडणीवर किंवा जनरेटरवर, आणि ती जोडणी तुला न सांगता जाते.

माझी गेली होती. दुपारी एसी सुरू करून, दार लावून मी चाळीस मिनिटांसाठी बाहेर पडले. विजेच्या एका खांबावर फार गाड्या जोडल्या होत्या, ब्रेकर पडला आणि एसी बंद झाला. परत आले तेव्हा काळू दाराशी आडवा पडला होता. जीभ गडद लाल, लाळ चिकट, हाक मारली तर मान वर होईना. राणी टेबलाखाली फरशीला पोट लावून होती, ती सावरली. काळूला सावलीत ओढला, अंगभर गार पाणी ओतत राहिले, कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घातला, आणि तसाच ओला त्याला पशुवैद्याकडे नेला. आधी थंड करणं, मग नेणं, हा क्रम लक्षात ठेव. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नकोस, त्याखाली उष्णता कोंडते. पाणी वाहतं हवं आणि वारा हवा. तो वाचला. त्यानंतर उन्हाळ्यात मी त्या दोघांना गाडीत एकटं ठेवलंच नाही. जिथे ती आत येऊ शकत नाहीत तिथे मीही जात नाही. कितीतरी प्रेक्षणीय जागा मी बाहेरूनच पाहिल्या आहेत आणि त्याचं मला दुःख नाही.

आत तापमान मोजून मोबाइलवर इशारा देणारं यंत्र मिळतं, ते जरूर घे. त्याला नेटवर्क लागतं, त्यामुळे ते तुझ्या लक्ष ठेवण्याच्या मदतीला आहे, बदली म्हणून नाही. आणि डांबर! हवा २५ अंश असताना उन्हातलं डांबर पन्नाशीच्या पुढे जाऊ शकतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकव. तुला सोसवत नसेल तर त्यांना तिथून चालवू नकोस.

दुसरी गोष्ट दाराची. घराच्या दाराबाहेर अंगण असतं, ओळखीची गल्ली असते. गाडीच्या दाराबाहेर आज मैदान, उद्या महामार्ग. राणी एकदा पेट्रोल पंपावर माझ्या पायांमधून बाहेर निसटली आणि दोन मालवाहू ट्रकांच्या मधून पळाली. मी तिच्यामागे धावले, आणि त्यामुळे ती आणखी पळाली. शेवटी मी जमिनीवर बसले, उलट दिशेला तोंड करून तिच्या वाडग्यावर चमचा वाजवला, तेव्हा ती आली. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: आधी पट्टा, मग दार. पट्टे दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर खुंटीला टांगलेले. दार उघडल्यावरही ‘चल’ म्हटल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. हे निघण्याआधी महिनाभर रोज शिकव, दिवसातून दहा वेळा, खाऊ देऊन. पाहुणा आला, पाऊस आला, तू थकलेली असलीस, तरीही.

हरवण्याची तयारीही करून ठेव. कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपमध्ये फक्त पंधरा आकडी क्रमांक असतो. नोंदणीत जुना फोन नंबर असेल तर तो क्रमांक कोणालाच तुझ्यापर्यंत आणणार नाही. आजच तपास. गळपट्ट्यावर चालू नंबर ठळक असू दे. रेबीजच्या लसीचा दाखला कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे ठेव.

गाडी चालताना ती कुठे बसणार? फोटोत ती मागच्या पलंगावर पसरलेली दिसतात. गाडी उभी असताना खुशाल पसरू दे. चालत्या गाडीत नाही. तुझा थोरला कुत्रा तीस किलोचा आहे. ताशी ५० किलोमीटरला गाडी कशावर आदळली, तर मोकळा बसलेला कुत्रा ज्या जोराने समोर जाईल तो जवळपास दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्याइतका असतो. तो वाचणार नाही आणि समोरच्यालाही वाचू देणार नाही. छातीभोवती बसणारा हार्नेस सीटबेल्टच्या खाचेला अडकव, किंवा गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, वापर. गळपट्ट्याला कधीच बांधू नकोस, धक्का बसला की मान जाते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली, फरशीलगत साचतो, आणि फरशीवर कोण झोपतं? गॅस ओळखणारा अलार्म खालीच लाव, फरशीपासून वीतभर वर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म वेगळा, तुझ्या उशाच्या उंचीवर. रात्री कुत्रं उगाच अस्वस्थ झालं, तर त्याला गप्प करण्याआधी दार उघड.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर धर. तुझे दोघे मिळून ४८ किलो, म्हणजे साधारण अडीच ते तीन लिटर, उन्हात त्याहून जास्त. ते तुझ्या टाकीतल्या पाण्याखेरीज वेगळ्या कॅनमध्ये ठेव. मात्र प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नकोस. टाकी, कॅन, खाद्याच्या गोण्या, क्रेट, दोन कुत्री, तू, सगळं चढवून गाडी एकदा वजनकाट्यावर ने. कागदोपत्री मोटारहोम हलकं दिसतं, भरल्यावर ब्रेकला कळतं.

खाद्य बदलू नकोस. वाटेत मिळणारं नवीन काही द्यायचंच तर आठवडाभर जुन्यात थोडं थोडं मिसळून. गोचिडी रोज संध्याकाळी बघ: बोटांच्या मध्ये, कानात, गळपट्ट्याखाली. डासांमधून हृदयातल्या जंतांचा रोग होतो, त्याच्या प्रतिबंधक गोळीबद्दल तुझ्या पशुवैद्याशी आधी बोल. धाकटी सारखी ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, लाळ गाळत असेल तर ती कंटाळलेली नाही, तिला गाडी लागते आहे. निघण्याआधी तीन-चार तास पोट हलकं ठेव.

थोरल्याचं वय नऊ म्हणालीस. त्याला पायरीवरून उडी मारू देऊ नकोस. उतरती फळी घे, पृष्ठभाग खरखरीत असलेली, नाहीतर तो पहिल्यांदा घसरेल आणि पुन्हा तिच्यावर पाय ठेवणार नाही. काळूच्या वेळी मी वर्षभर उशीर केला. शेवटच्या वर्षी तो दाराशी उभा राहून माझ्याकडे बघायचा, मी उचलायची वाट बघत. ती नजर मला अजून दिसते.

गार दिवशीही त्यांना एकटं ठेवायची सवय हळूहळू लाव: एक मिनिट, पाच, पंधरा. आत फोन रेकॉर्डिंगला लावून जा. शेजारच्या गाडीतले लोक सौजन्याने काही बोलत नाहीत, पण तुझ्या पाठीमागे ती किती भुंकतात ते तुला कळलं पाहिजे. शेजाऱ्यांच्या झोपेसाठीही, आणि आतल्या दोघांच्या घाबरण्यासाठीही.

आता मला एवढं कर. निघायच्या तारखेला पंधरा दिवस आहेत. या शनिवार-रविवारी गाडी जागची न हलवता, दोघांना घेऊन दोन रात्री तिच्यात झोप. त्यांच्या नेहमीच्या चादरी न धुता आत टाक, म्हणजे घराचा वास राहील. जागा तू ठरवू नकोस. सोमवारी मला कळव, कोण कुठे झोपलं. क्रेट कुठे बसवायचा ते त्यानंतर ठरवू.

तुझी,
ताई