वाटीचे वजन

प्रश्न : सासूबाईंच्या वहीत बेसन लाडवांचे प्रमाण चार वाट्या बेसन, तीन वाट्या पिठीसाखर आणि एक वाटी पातळ तूप असे आहे. यंदा वजनकाटा घेतल्यामुळे, ‘एक वाटी म्हणजे 150 ग्रॅम’ असा एका तक्त्यात वाचलेला हिशोब धरून मी 600 ग्रॅम बेसन, 450 ग्रॅम पिठीसाखर आणि 150 ग्रॅम तूप घेतले. परंतु मिश्रण इतके कोरडे झाले की लाडू वळेनात. चूक वहीतील प्रमाणाची की काट्याची?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : वहीही बरोबर आहे आणि काटाही. चूक त्या तक्त्याची आहे, कारण वाटी जागा मोजते आणि काटा भार. वाटीत 150 ग्रॅम मावते ते पाणी. तेवढ्याच वाटीत पातळ तूप साधारण 135 ग्रॅम, दाणेदार साखर 125, पिठीसाखर 75 आणि चाळलेले, न दाबता भरलेले बेसन जेमतेम 65 ग्रॅम बसते. म्हणजे सासूबाईंच्या चार वाट्या बेसनाचे वजन 260 ग्रॅमच्या आसपास होते. आपण त्याच्या सव्वादोन पटींहून अधिक बेसन घेतलेत, तूप मात्र जवळपास एकाच वाटीचे राहिले. 600 ग्रॅम बेसनाला सुमारे 300 ग्रॅम तूप हवे होते. मिश्रण अजून टाकले नसेल, तर आणखी 150 ग्रॅम तूप पातळ करून थोडे थोडे मिसळावे आणि चव पाहून पिठीसाखर वाढवावी, लाडू वळतील.

तूप-तेल पाण्याहून हलके असते, याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल : एक लिटर तेलाच्या पिशवीवर वजन बहुधा 910 ग्रॅम छापलेले असते. पिठांचे गणित याहून नाजूक आहे. तीच वाटी दाबून किंवा ओट्यावर आपटून भरली की त्याच बेसनाचे वजन बरेच वाढते, आणि गिरणीतून आणलेले रवाळ बेसन विकतच्या बारीक बेसनापेक्षा वेगळे भरते. म्हणून माझ्या मते छापील तक्त्यापेक्षा स्वतःच्या वाटीचा तक्ता केव्हाही भरवशाचा. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वाट्याही सारख्या मापाच्या नसतात, तेव्हा ‘एक वाटी’ हे प्रमाण कोणाच्या वाटीचे, हा प्रश्न उरतोच. वहीतील प्रमाणे ज्या वाटीने लिहिली गेली ती घरात असेल, तर रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर तिचे माप. मग वाटी पुसून तीत बेसन, रवा, साखर एकेक करून नेहमीच्या पद्धतीने भरून तोलावी आणि ते आकडे वहीच्या त्याच पानावर लिहावेत.

परदेशी पाककृतीतील कप मात्र ठरीव मापाचा, बहुधा 240 किंवा 250 मिलिलिटरचा असतो, आणि चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा. मीठ, वेलदोड्याची पूड, खाण्याचा सोडा हे पदार्थ चमच्यानेच घ्यावेत, कारण एकेका ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या घरगुती काट्याला इतके बारीक वजन नीट दाखवता येत नाही.

जाता जाता, वहीत पुढे कोठे ‘शेर’ आढळला तर थांबून विचार करावा. धान्य मापण्याचा शेर, ज्याचे चार मिळून पायली होते, हे भांड्याचे माप. 80 तोळ्यांचा शेर हे वजन, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. जुन्या वह्यांत दोन्ही एकाच शब्दाने येतात, आणि त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे ठरवायला मागेपुढे लिहिलेली इतर मापेच पाहावी लागतात : जवळपास चिपटे किंवा मापटे असेल तर तो भांड्याचा शेर, छटाक किंवा तोळा असेल तर वजनाचा.