दिवसभर लेक्चर बघते, मग मार्क का पडत नाहीत?

"मॅडम, हिचा मोबाईल काढून घेऊ का?" दहावी-बारावीच्या पालकांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. या वडिलांच्या प्रश्नात मात्र एक मेख होती. मुलगी रील्स बघत नव्हती, गेम खेळत नव्हती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) राहायला तालुक्याच्या गावी, बारावी सायन्स, सीईटीची सगळी तयारी यूट्यूबवर. सकाळपासून कानात हेडफोन, वह्या भरलेल्या, तरी सराव परीक्षेत फिजिक्समध्ये जेमतेम पास. अभ्यासाच्या नावाखाली दुसरंच काहीतरी चालतं, असा वडिलांना संशय. आणि मुलीला त्या संशयाचंच जास्त लागलेलं.

ती खरंच अभ्यास करत होती, याबद्दल मला शंका वाटली नाही. मी विचारलं, काल रात्री काय पाहिलंस? "रोलिंग मोशन. ते येतं मला." मी कोरा कागद पुढे केला.

उतारावरून घरंगळत येणारा भरीव गोल तिने सुबक काढला, कोनसुद्धा सरांसारखाच दाखवला. उत्तर पाठ होतं: वेगाचा वर्ग म्हणजे १० जीएच भागिले ७ (जी म्हणजे गुरुत्वत्वरण, एच म्हणजे उताराची उंची). "आता हे कसं आलं ते लिही." तिने एका बाजूला उंचीमुळे मिळणारी ऊर्जा, एमजीएच लिहिली, दुसऱ्या बाजूला पुढे सरकण्याची ऊर्जा, अर्धा एमव्ही वर्ग. उत्तर आलं २ जीएच. पेन थांबलं. "सरांनी इथे अजून काहीतरी घेतलं होतं..." गोल नुसता खाली सरकत नाही, स्वतःभोवती फिरतोही, आणि त्या फिरण्याची ऊर्जाही धरावी लागते. हे तिने दीडपट वेगाने ऐकलेलं होतं, उतरवूनही घेतलं होतं. स्वतः मांडलं मात्र कधीच नव्हतं.

मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन मी अशा वेळी पालकांना आवर्जून सांगते. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना २० वेळा. २० वेळा पाहिलेल्यांना आपला नेम चांगला लागेल असं जास्त वाटलं. प्रत्यक्षात तो इतरांपेक्षा सरस लागला नाही. चांगलं शिकवणाऱ्या सरांचं लेक्चर पाहताना नेमकं हेच होतं. सगळं इतकं सोपं वाटतं की आपल्यालाही आलं असं वाटून जातं. वर्गातले सर मध्येच थांबून "तू सांग गं पुढची पायरी" म्हणतात, गोंधळलेला चेहरा त्यांना दिसतो. मोबाईलमधल्या सरांना तो दिसत नाही.

म्हणून वडिलांना मी स्पष्ट सांगितलं, मोबाईल काढून घेऊ नका. त्यांच्या गावात फिजिक्सचा धड क्लास नाही, शहरातली फी झेपणारी नाही. तिचे शिक्षकच त्या मोबाईलमध्ये आहेत. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर २०२३' या अहवालातही ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं. फोन हिसकावला की शिकण्याचं दार बंद होतं आणि घरातलं बोलणंही.

बदललं ते वेगळंच. सरांनी उदाहरण वाचलं की व्हिडिओ थांबवायचा, फोन आईकडे द्यायचा, आधी स्वतः सोडवायचं. अडलं तरच पुढचं बघायचं. यूट्यूबची वॉच हिस्टरी पुसून बंद केली, त्यामुळे होमपेजवरचे सुचवलेले व्हिडिओ गेले. पीडीएफचा पाऊस पाडणारे टेलिग्राम ग्रुप म्यूट केले. आणि रात्री जेवण झाल्यावर ती आईला एक गणित समजावते. आई सायन्स शिकलेली नाही, पण प्रत्येक पायरीला "असं का?" विचारते. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

सुरुवातीला ती वैतागली. दिवसाला जेमतेम एकच लेक्चर होऊ लागलं, मैत्रिणी पुढे गेल्याची भीती वाटायची. पुढच्या चाचणीत मार्क थोडेच वाढले, पण कुठे अडतं ते तिला नेमकं सांगता येऊ लागलं, आणि त्या शंका घेऊन ती कॉलेजच्या सरांकडे स्वतःहून गेली.

तुमच्या घरी मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मूल बोलेनासं झालं असेल, तर प्रश्न अभ्यासाच्या पद्धतीचा उरत नाही. अशा वेळी वाट पाहू नका, जवळच्या समुपदेशकाला भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.